कुप्यावर पिळलेलं लिंबू

मंगळवारी सकाळी माझा नवरा मिलिंद कामावर निघाला. बसथांब्यावर तो खाली बसला. रुग्णवाहिका आली. पावणेदहा वाजता मला दुकानात फोन आला. त्या वेळी मी एका बाईंना कॉड मासा तोलून देत होते. कॉड कागदात गुंडाळला, बाईंच्या हातात दिला आणि ॲप्रन काढला. २००६ सालचा मार्च महिना होता.

"तुमच्या नोकरीबद्दल लिहा, आमच्या वाचकांना जर्मनीतल्या मासळीच्या दुकानाची गंमत वाटेल," असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं. गंमत होती, नाही असं नाही. पण त्या नोकरीचा विचार करायला बसलं की माझी सुरुवात या मंगळवारापासूनच होते. त्याआधी ती नोकरी म्हणजे वेळ घालवण्याचं साधन होती. त्यानंतर तिच्यावर सगळं उभं होतं.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मिलिंद कायझर्सलाउटर्न गावातल्या एका संशोधन संस्थेत होता. मी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलेलं. प्रबंधाचा विषय होता खाडीतल्या माशांच्या अंगातले कृमी. जर्मनीत आल्यावर माझ्या पदवीचे कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात दोन वर्षं फिरले आणि शेवटी "समकक्ष नाही" असा शेरा घेऊन घरी परतले. मग मी फ्राऊ हाउक यांच्या मासळीच्या दुकानात अर्धवेळ लागले. त्यांनी माझी मुलाखत घेतली ती अशी: काउंटरच्या आतून एक कॉडचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "विकाल का?"

मी तो खालून उजेड येणाऱ्या काचेवर धरला. मांसात केसासारखा गुंडाळलेला एक कृमी होता. चिमट्यानं तो काढून बशीत ठेवला आणि म्हटलं, "आता विकेन."

"गेनाऊ," फ्राऊ हाउक म्हणाल्या. बरोबर, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या तोंडी त्याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही. प्रबंधाचा माझ्या आयुष्यात झालेला एकमेव उपयोग हा.

इथून समुद्र पाचसहाशे किलोमीटर दूर. मासे उत्तरेच्या बंदरातून रात्रभर गाडीनं येतात. सकाळी सहाला थर्माकोलच्या पेट्या उघडायच्या, एकेका माशाचे कल्ले उचलून पाहायचे. लाल असले तर ठीक, विटकरी झाले तर तो मासा आज संपवायचा, करडे झाले तर परत. बोटानं दाबायचं, खड्डा भरून आला पाहिजे. नाक जवळ न्यायचं. ताज्या माशाला मासळीचा वास येत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. त्याला काकडीसारखा वास येतो. वास यायला लागला म्हणजे मासा बोलायला लागला, आणि बोलणारा मासा विकायचा नसतो, असं फ्राऊ हाउक म्हणायच्या.

गिऱ्हाइकं दर वाराची ठरलेली. शुक्रवारी एक निवृत्त शिक्षक येत. एक हेरिंग घेत आणि विचारत, "ही कुठल्या समुद्रातली?" मी सांगे. ते घरी जाऊन नकाशात बघत असावेत, कारण पुढच्या शुक्रवारी त्या समुद्राची खोली मला सांगत. गावाशेजारी अमेरिकन लष्कराचा मोठा तळ आहे. तिथल्या बायका येत. त्यांना माशाचं डोकं बघवत नसे. "मॅम, प्लीज, त्याचा चेहरा काढा," असं एकीनं मला सांगितलं होतं.

नाताळात लोक जिवंत कार्प मासा मागतात. मागच्या खोलीत टाकी असे. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, आपण काठीनं एक टोला घालायचा. ते मी कधी केलं नाही. फ्राऊ हाउक यांनी विचारलं, "धर्मामुळे?" मी म्हटलं, "अर्धं धर्मामुळे, अर्धं भीतीमुळे." त्यांनी काठी माझ्या हातून घेतली, आणि दर नाताळात ती त्यांच्याच हातात राहिली. बुद्धपौर्णिमेला आम्ही मंडळी हायडेलबर्गला एकत्र जमायचो. तिथले मिलिंदचे मित्र मला छेडायचे, "काय वहिनी, सकाळी पंचशील आणि दुपारी कॉड?" मी म्हणायची, "कॉड माझ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा पाप दुसऱ्या कुणीतरी उरकलेलं असतं." मिलिंद दर वर्षी त्याच जागी हसायचा.

तो गेल्यावर पंधरवड्यानं मला आउसलेंडरबेहोर्डेचं, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयाचं, पत्र आलं. माझा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला जोडलेला होता. कार्यालयातला माणूस सौम्य होता. त्यानं आधी "हेर्झलिशेस बाइलाइड" म्हणून सांत्वन केलं आणि मग सांगितलं, की एक वर्ष मिळेल, पण पुढे राहायचं तर स्वतःचं आणि मुलीचं पोट स्वतः भरता येतं हे दाखवावं लागेल. अर्धवेळ नोकरीत ते दिसत नव्हतं. पूर्णवेळ करार आणा, तो म्हणाला.

रत्नागिरीहून सासूबाईंचा फोन येई. "पोरीला घेऊन ये गो घरी. तिकडे कोण आहे आता तुमचं?" त्यांचं चुकत नव्हतं. पण गौतमी तेव्हा अकरा वर्षांची, पाचवीत, मराठी समजणारी आणि जर्मनमध्ये उत्तर देणारी. मी तिला विचारलं, "बाळा, आजीकडे जायचं का आपण?" ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "उंट पापा?" आणि पप्पा? त्याच गावच्या स्मशानभूमीत आम्ही त्याच्या अस्थी ठेवल्या होत्या. मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

पूर्णवेळ करारासाठी फ्राऊ हाउक यांना विचारलं. त्या बराच वेळ सुरी पुसत राहिल्या. त्यांना गुडघ्यांमुळे शनिवारी दुकानात उभं राहणं झेपत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण गेले दोन महिने मी कशी काम करत होते हेही त्यांना माहीत होतं. एकदा मी एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे देऊन मासा काउंटरवरच ठेवला होता. एकदा शीतकपाटाचं दार उघडं राहिलं होतं.

"आल्झो, तर मग, फ्राऊ कांबळे," त्या म्हणाल्या, "एक मोठी ऑर्डर एकट्यानं सांभाळून दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग बोलू."

ती ऑर्डर मे महिन्यात आली. लेहुआ नावाची एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन दुकानात शिरली. नवरा लष्करात, दोघंही हवाई बेटांवरचे. मुलाचा पहिला वाढदिवस होता. "ऐंशी माणसं," ती म्हणाली. "मला पोके करायचं आहे. कच्च्या ट्यूनाचं."

कच्चा म्हटल्यावर फ्राऊ हाउक यांनी माझ्याकडे पाहिलं. लेहुआनं सगळं नीट समजावून सांगितलं. पोके म्हणजे तुकडे करणं. त्यांच्याकडे कोळी होडीतच मासा कापून, मीठ लावून खात. मासा, जाडं मीठ, समुद्रातलं शेवाळ आणि एका जंगली अक्रोडाचं भाजून कुटलेलं कूट. अलीकडे थोडा सोया सॉस आणि तिळाचं तेल. त्यांच्याकडे पहिला वाढदिवस लग्नापेक्षा मोठा करतात. पूर्वी पुष्कळ मुलं वर्षाची होतच नसत. जे झालं त्याच्यासाठी सारा गाव जेवत असे.

"आणि केओनी सोमवारी इराकला जातोय," ती म्हणाली. केओनी म्हणजे तिचा नवरा. "त्यानं दुसरं काही मागितलेलं नाही. आमची आंटी तिकडून मीठ आणि शेवाळ घेऊन येते आहे. मासा तेवढा तुम्ही द्या."

कच्चा खायचा मासा आधी उणे वीस अंशांत निदान एक अख्खा दिवस गोठवावा लागतो. माझ्या प्रबंधातल्या मंडळींचा त्यात शेवट होतो. मी फ्रँकफर्टच्या विमानतळावरून येणारा मालदीवचा ट्यूना मागवला. बुधवारी तो आला. रंग गडद, कापलेल्या बाजूला किंचित चकाकी. फार चेरीसारखा लाल ट्यूना दिसला तर तो वायू देऊन रंगवलेला असतो, तो घेऊ नये. माझा तसा नव्हता. बारा किलोच्या लाद्या करून गोठवल्या. शुक्रवारी दुपारी शीतकपाटात उतरवल्या. सगळं वेळेवर आणि वहीत लिहून. फ्राऊ हाउक येऊन वही बघून जात.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी मागच्या टेबलावर कापायला उभी राहिले. लेहुआ अकराला येणार होती. ट्यूना मांसाच्या धाग्याला आडवा कापायचा, पांढऱ्या शिरा चमच्यानं खरवडून बाजूला करायच्या, इंचभराचे सारखे चौकोनी तुकडे. पहिलं घमेलं भरलं. पाच किलो असतील. मग मी काय विचार करत होते ते आता आठवत नाही. बहुतेक कसलाच नाही.

आमच्या बाजूला या माशाला कुपा म्हणतात. स्वस्त, रक्ताळ मासा. घरी आणलाच तर आई आधी त्याला मीठ चोळायची, लिंबू पिळायची आणि अर्धा तास ठेवायची, रक्ताचा उग्रपणा जाण्यासाठी. मीही जन्मभर तेच केलं. जर्मनीत मासळीच्या प्रत्येक दुकानात लिंबाची टोपली असते. मी भानावर आले तेव्हा टेबलावर पिळलेल्या लिंबांच्या आठ फोडी पडल्या होत्या आणि माझा हात कोपरापर्यंत घमेल्यात होता, तुकडे खालीवर करत. हळद दुकानात नव्हती. असती तर तीही लावली असती.

लिंबाचा रस कच्च्या माशाला आगीशिवाय शिजवतो. तुकड्यांच्या कडा दुधाळ झाल्या होत्या. मी ते थंड पाण्याखाली धरले. धुऊन काही होत नाही. गिलावा केल्यासारखा पांढरा रंग आत आत सरकत होता.

उरलेल्या लाद्या कापल्या. सात किलो. दुसरं घमेलं गडद लाल, जसं हवं तसं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मी बघत राहिले. आता ट्यूना कुठून येणार? आलाच तरी गोठवायला दिवस कुठून आणणार? सोया सॉस काळा असतो. पांढरे तुकडे लालमध्ये मिसळले, वरून सॉस आणि तेल ओतलं, की ऐंशी माणसांच्या गर्दीत कुणाला कळलं नसतं. मी एक डाव पांढरे तुकडे उचललेही. डाव लाल घमेल्यावर धरला होता तेवढ्यात दाराची घंटा वाजली. लेहुआ लवकर आली होती, सोबत ठेंगणी, रुंद खांद्यांची एक म्हातारी. हीच आंटी. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या सगळ्याच बायका आंटी, जशा आपल्याकडे मावशी.

मी डाव परत पांढऱ्या घमेल्यात ठेवला.

"हे काय?" लेहुआनं विचारलं.

"लिंबू," मी म्हटलं. "आमच्याकडे लावतात. हातानं लावलं. माझं लक्ष गेलं तेव्हा लावून झालं होतं."

आंटीनं एक तुकडा तोंडात टाकला, चावला आणि कागदात थुंकला. "शिजला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दक्षिण अमेरिकेतली का गं? ते लोक असं करतात."

"नाही. भारतातली."

"तिथंही हेच?"

"आम्ही नंतर तळतो."

"मग तळायचा होतास! अर्धवट कशाला सोडलास?"

लेहुआ हसली नाही. ती मिठाच्या पोत्यावर बसली. "आंटी, त्यानं फक्त हेच मागितलं होतं," ती म्हणाली. "फक्त हेच." मुलगा तिचे केस ओढत होता.

"रडायचं तर रात्री रड," आंटी म्हणाली. "किती राहिलाय?"

"सात किलो," मी म्हटलं.

"चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मग वाट्या लहान करायच्या. मुलांना आणि सोमवारी जाणाऱ्यांना आधी. बाकीच्यांना भात वाढा, भातानं कुणी मेलेलं नाही. हात कुठे धुऊ?"

तिनं पिशवीतून विटकरी रंगाचं जाडं मीठ काढलं, त्यांच्याकडच्या तांबड्या मातीत कालवलेलं. वाळवलेलं शेवाळ पाण्यात सोडलं. अक्रोडाचं कूट एका औषधाच्या डबीत होतं. तिनं माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवलं. मला कारळ्याच्या चटणीची आठवण झाली, तीच खमंग, तेलकट, मागून किंचित कडू चव. मग तिनं हातानं कालवायला सुरुवात केली. तुकडा दबू नये असा तिचा हात फिरत होता, तळातून वर, अगदी सावकाश. सॉस तिनं इतका थोडा घातला की रंग बदललाच नाही. काही लपवायला पुरेल इतका नव्हताच तो. मी पांढरे तुकडे मिसळले असते तर पहिल्या घासाला पकडली गेले असते.

एक तुकडा तिनं मला दिला. मी तोपर्यंत कच्चा मासा कधी खाल्ला नव्हता. तो थंड होता, आधी मीठ लागलं, मग कूट, मग नुसता मासा. लिंबू, चिंच, तिखट, कशाचीही ओढणी नाही. इतकी वर्षं मासे हाताळून माशाची चव मला तेव्हा पहिल्यांदा कळली. गेले दोन महिने मला कशाचीच चव लागत नव्हती, हेही तेव्हाच कळलं.

फ्राऊ हाउक मधल्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून ते माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "घमेलं घेऊन तुम्ही स्वतः जा. बर्फ भरपूर घाला."

कार्यक्रम चर्चच्या सभागृहात होता. कापडी फुलांचे हार, एक गिटार, आणि मधल्या टेबलावर बर्फात ठेवलेलं ते घमेलं. आंटी डाव घेऊन पहारा देत होती. छोट्या कागदी वाट्या, प्रत्येकीत चार-पाच तुकडे. लोक रांगेत येत, वाटी घेत आणि बाजूला जाऊन उभ्यानं हळूहळू खात. एक आडदांड सैनिक वाटी संपवून रिकाम्या वाटीचा वास घेत राहिला. घरापासून इतक्या दूर त्यांना तो मासा मिळाला होता. मग गाणं झालं, बायका उठून नाचल्या, मुलाला हातोहात सगळ्या सभागृहात फिरवलं. प्रत्येक जण त्याच्या कपाळाला नाक टेकवत होता.

केओनी माझ्याजवळ आला. "लिंबूवाल्या बाई तुम्हीच का?"

"मीच. माफ करा."

"नाही, नाही. तिकडे वाळवंटात सांगायला एखादा विनोद लागतो, मॅम. तो मिळाला." त्याच्या वाटीत दोन तुकडे होते. एक त्यानं मुलाच्या ओठांना नुसता लावला आणि स्वतः खाल्ला.

"सांभाळून जा," मी म्हटलं. मिलिंद निघताना मी दारात तेच म्हणत असे. त्या मंगळवारी म्हटलं होतं की नाही, ते आठवत नाही.

लेहुआ माझ्याशी बोलली नाही. ती नंतर दुकानात कधीच आली नाही. तळावरच्या इतर बायका यायच्या, त्यांना विचारता आलं असतं. केओनी परत आला का, एवढं एकच वाक्य होतं. मी कॉड तोलत राहिले आणि विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती. या नोकरीत राहून गेलेल्या गोष्टींतली ही मला सगळ्यात जास्त टोचते.

सोमवारी फ्राऊ हाउक यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर करार होता. पूर्णवेळ.

"ऑर्डर तर मी बिघडवली," मी म्हटलं.

"बिघडवली. मासा सगळ्यांचाच बिघडतो," त्या म्हणाल्या. "माझा नवरा गेला तेव्हा मी आठवडाभर ट्राउटच्या नावानं सॅमन मासा विकत होते. पण बिघडलेला मासा गिऱ्हाइकाला आपणहून दाखवणारं माणूस मला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं. सही करा."

मी सही केली. डाव घमेल्यावर धरला होता हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि मी खरं बोलले ते प्रामाणिकपणामुळे नाही. मी दमले होते. खोटं बोलायचं तर एक गोष्ट रचावी लागते, ती लक्षात ठेवावी लागते, चेहरा सांभाळावा लागतो. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. हे मी त्यांना पुढे कधीही सांगू शकले असते. आम्ही बरीच वर्षं एका टेबलावर मासे कापले. त्या ओळखीच्या लोकांना माझ्याबद्दल सांगायच्या, "फ्राऊ कांबळे खोटं बोलत नाहीत," आणि मी खाली बघून खवले काढत राहायची. हळूहळू ते खरंही होत गेलं. एखादी गोष्ट आपल्याबद्दल रोज ऐकली की तिला जागावं लागतं. फ्राऊ हाउक गेल्या तेव्हा त्यांना त्या शनिवारची गोष्ट तशीच माहीत होती.

दुकान बंद झालं. आता त्या जागी चष्म्यांचं दुकान आहे. गौतमी रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. रविवारी तिचा फोन येतो. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं थंडीत वळत नाहीत.

मला कायमचा परवाना मिळाला आहे. मी त्याच फ्लॅटमध्ये राहते. खाली बेलच्या पाटीवर अजून मिलिंदचंच नाव आहे. वर मी असते.